आगीसाठी जागा

ज्या माणसानं नोकरीची सगळी वर्षं आग लागू नये म्हणून पगार घेतला, त्यानं निवृत्त झाल्यावर घरात फायरप्लेस बांधायचं ठरवलं. तेही पुलगावात. मे महिन्यात इथं नळाला येणारं पाणी नुसती चहापत्ती टाकून प्यावं इतकं तापलेलं असतं. हिवाळा असतो, नाही असं नाही; पण तो स्वेटर आणि गोधडीत भागण्यासारखा असतो. त्यामुळे काकाजींनी हॉलची भिंत फोडायला घेतली तेव्हा गल्लीत आधी बातमी पसरली ती देवघराची. मग कुणी म्हणालं, एसी बसवून राह्यले. खरं कारण कळल्यावर लोक काही बोललेच नाहीत. काकाजींच्या बाबतीत न बोलायची गल्लीला सवय होती.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. नाशिकहून इथल्या एका इंग्रजी शाळेत शिकवायला आले होते आणि ओळखीचं कुणी नव्हतं. खोली बघायला गेले त्या दिवशी काकाजींनी मला भाड्याचं, पाण्याचं, जेवणाचं काहीही विचारलं नाही. दारातच थांबवून विचारलं, "माचीस आहे का जवळ?"

मला वाटलं, त्यांना हवी आहे. लाईट गेली तर मेणबत्ती लावायला आईनं पर्समध्ये एक काडेपेटी टाकून दिली होती. ती मी काढून दिली. काकाजींनी ती उलटीसुलटी करून बघितली, आतल्या काड्यांवरून नजर फिरवली आणि दाराशेजारी खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली. पेटीला लहान लहान कप्पे होते, कप्प्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातलेले होते. मग त्यांनी माझ्या हातावर एक पितळी बिल्ला ठेवला. त्याच्यावर सात हा आकडा ठोकलेला होता.

"टोकन," ते म्हणाले. "घर सोडसान तेव्हा हे द्या, तुमचं सामान घेऊन जा. टोकन नाई तर सामान नाई."

काकाजी गावाजवळच्या दारूगोळ्याच्या डेपोत होते, आग विझवणाऱ्या विभागात. डेपोच्या आत काय होतं, ते काय करायचे, याबद्दल त्यांनी कधी एक शब्द सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. इतकंच कळलं होतं की तिथं आत जाताना गेटवर काडेपेटी, लायटर सगळं काढून द्यावं लागतं. निवृत्त होताना बाकीचे घड्याळ आणि शाल घेऊन घरी आले. काकाजींनी ते गेटच घरी आणलं. खरं म्हणजे आधीपासूनच आणलेलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षापासून. पण ते मला पुष्कळ नंतर समजलं.

त्यांच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे टोकन मिळालेलं होतं. समोरच्या घरातले बिडी ओढणारे आजोबा स्वतःहून तीन नंबर मागायचे. काकाजींच्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा मुलाच्या मामांचा लायटर जमा झाला आणि मामांना राग आला. लग्न तरीही जमलं, मुलगी आता बंगळुरूला असते. मामांनी मात्र टोकन परत केलं नाही आणि त्यांचा लायटर अजून चार नंबरमध्ये पडून आहे, हे काकाजी मोठ्या समाधानानं सांगायचे. घरात शेगडी विजेची. देवापुढे विजेचं निरांजन. दिवाळीत गॅलरीत बल्बच्या माळा. आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, एक खरा दिवा ताटलीत घेऊन समोरच्या घरी तुळशीपाशी लावून यायच्या. काकाजी फाटकात उभे राहून तो दिवा तिथपर्यंत न पेटता जातो की नाही, ते बघायचे.

कुठल्याही खोलीत शिरताना ते उंबऱ्यावर क्षणभर थांबायचे. आधी नाकानं हवा घ्यायचे, मग दारं मोजायचे. लग्नाला गेले की जेवणाची पंगत कुठं आहे हे नंतर, बाहेर पडायचे रस्ते किती हे आधी. एकदा जिन्यात त्यांनी मला सहज विचारलं, "मॅडम, तुमच्या वर्गाले दारं किती?"

"एक. दुसरं आहे, पण त्याच्यासमोर कपाट आहे."

"आन् पोट्टे?"

"बेचाळीस."

त्यांनी मान हलवली आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी फळ्यावर पानाची आकृती काढत असताना दारात काकाजी उभे. मागे मुख्याध्यापिका, त्यांच्या मागे शिपाई. मी त्यांना ओळखत नाही असं दाखवायचा प्रयत्न केला, हे मला कबूल करायला हवं. काकाजींनी कपाटाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे म्हणाले, "हे सरकवा. मी धरू लागतो." मुख्याध्यापिकांनी का ऐकलं कोण जाणे. कदाचित त्यांचा आवाज चढत नसे म्हणून. कपाट सरकलं, दाराची कडी तेल घालून मोकळी केली गेली, आणि त्या वर्षभर मुलं मला विचारत राहिली, "मिस, ते तुमचे पप्पा होते का?" मी नाही म्हणायचे. पण आता नव्या शाळेत, पहिल्या दिवशी मी वर्गात गेले तेव्हा माझ्या नकळत दारं मोजली.

काकू वेगळ्या होत्या. त्यांना बोलायला माणूस लागायचं. मी मोजकंच बोलणारी, त्यातून माझं मराठी त्यांना पुस्तकी वाटायचं. तरी त्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन भाजी निवडत बसायच्या. त्यांचं माहेर वडनेरचं. दिवाळी झाली की त्या भावाकडे जात आणि संक्रांतीनंतर परत येत. पहिल्या वर्षी मला वाटलं, भावाच्या प्रेमापोटी जात असतील.

"भाऊ नाई गं," त्या म्हणाल्या. "शेकोटी. अंधार पडला का दारापुढं तुरीच्या तुराट्या पेटोते. सारे बसते. भाऊ, वयनी, शेजारचे, कोणी येते, कोणी जाते. त्याच आरात, निखाऱ्यात, वांगे भाजाचे. बोलता बोलता भरीत होते. इथं मी आन् टीव्ही. आन् हे, तर हे दारं मोजते."

त्यांनीच मला एकदा काकाजींच्या भीतीचं मूळ सांगितलं. ते लहान होते तेव्हा घरातल्या आतल्या खोलीत वेचलेला कापूस भरून ठेवला होता, छतापर्यंत. कुणीतरी दारात बिडी ओढली. कापूस असा पेटतो की आधी दिसतच नाही, आतून धुमसत जातो. वर्षाचा कापूस गेला, खोली गेली, आणि खोलीला लागून बांधलेली गाय गेली. "गाईचं कधी बोलत नाई," काकू म्हणाल्या. "मले त्याह्यच्या मायनं सांगतलं होतं."

माझ्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, काकू भाजी निवडताना थांबल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी भावानं मले खोली बांधून देल्ली. म्हणते, बाई, आता इथंच राह्य. काऊन परत जाते?"

"मग?"

"मंग काय. मी हो म्हटलं."

"काकाजींना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगतलं. त्याह्यनं इचारलं, खोलीले खिडकी आहे का."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी काकाजी जिना चढून वर आले. ते वर क्वचित यायचे. हातात मोबाईल होता.

"मॅडम, तुमचं इंग्रजी आहे. मले एक वाचून पाह्यजे." त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "घरात आगीसाठी एक जागा असावी, असं मले वाटून राह्यलं. विलायतेत असते तशी. त्याची माहिती पाह्यजे. बरोबर निवड केली पाह्यजे."

असं ते सुरू झालं. शाळा सुटल्यावर रोज तासभर मी खालच्या हॉलमध्ये बसून इंग्रजी लेख वाचायचे आणि मराठी करून सांगायचे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. ज्या गोष्टी मी कधी पाहिल्याच नाहीत त्यांची नावं मला येत होती, आणि मराठीत त्यांना काय म्हणायचं ते काकाजींना येत होतं. धुराडं, काजळी, झोत, राखेचा खळगा. ते शब्द पुरवत, मी वाक्य पूर्ण करी. कुणाशी एवढं सलग बोलण्याची मला सवय नव्हती. त्या दिवसांत मी शाळेतून घरी थोडी भरभर चालत यायचे.

एका लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं होतं की आधी स्वतःला विचारा, फायरप्लेस तुम्हाला नेमकी कशासाठी हवी आहे: ऊब मिळावी म्हणून, खोली छान दिसावी म्हणून, की घरातली माणसं एकत्र बसावीत म्हणून? मी तसं सांगितलं. काकाजी चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

"पुढचं वाचा," ते म्हणाले.

पुढं प्रकार होते. गॅसची. "सिलिंडर, हॉलमधी?" ती गेली. मग स्पिरिटसारखं काहीतरी जाळणारी, धूर नाही, धुराडं नाही. "बाटलीतलं स्पिरिट घरात पेटवाचं? मॅडम, तुमी शिकलेल्या आहात नं?" जणू तो लेख मीच लिहिला होता. फायरप्लेसच्या वर दगडी फळी असते, हे वाचल्यावर त्यांनी विचारलं, "कशाले?"

"तिच्यावर फोटो ठेवतात. घरातल्या माणसांचे."

"आगीच्या डोक्यावर घरचे लोक?" त्यांनी हातानंच ती फळी पुसून टाकली.

या सगळ्या वेळात काकू आतबाहेर करत असायच्या. पोह्याच्या बश्या आणून ठेवायच्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

विजेवर चालणारी बघायला आम्ही रविवारी नागपूरला गेलो. दुकानातल्या पोरानं बटण दाबलं आणि काचेमागं लाकडं पेटली, म्हणजे तसं दिसू लागलं. ज्वाळा हलत होत्या, निखारे लाल होते, तडतड आवाजसुद्धा येत होता. "काकाजी, एकदम सेफ," पोरगा म्हणाला. "ठिणगी नाही, धूर नाही, लहान मुलानं हात लावला तरी चालतंय."

काकाजी सेफ हा शब्द ऐकून जवळ गेले. बराच वेळ वाकून उभे राहिले. आयुष्यभर त्यांना अशीच आग हवी होती, असं मला वाटलं. आता हे घेणार. त्यांनी काचेवर तळवा ठेवला. मग वळून पोराला विचारलं, "याच्यात वांगं भाजलं जाईन का?"

पोरगा हसला. काकाजी हसले नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी दिव्यांच्या झुंबरांकडे बघत राहिले, कारण मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवलं नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी निर्णय सांगितला. "लाकडाची."

मिस्त्री गावातलाच होता. त्यानं विटांच्या भट्ट्या लावल्या होत्या, बिनधुराच्या चुली बांधल्या होत्या. नकाशा बघून तो म्हणाला, "होते काकाजी. काय मोठी गोष्ट आहे. आडवी भट्टी समजा." कामाला आठ दिवस लागले. मागचा भाग अग्निरोधक विटांचा, पुढं दगडी पट्टी, पट्टीपुढं लोखंडी कठडा. बांधून होत आलं तेव्हा काकाजींनी धुराड्याच्या तोंडावर बसवायला जाळी आणली. ठिणगी बाहेर उडू नये म्हणून. एक नव्हे, तीन जाळ्या, एकावर एक, इतक्या बारीक की त्यांतून मोहरी गेली नसती.

मिस्त्रीनं जाळी उन्हाकडे धरली. "काकाजी, यानं धूर कोंडन."

"आन् ठिणगी गेली तर? शेजारी गच्चीवर कापसाची वाळली पऱ्हाटी रचून आहे."

"धुराले बी बाहेर पडाले रस्ता लागते नं. तुमीच सांगता, रस्ते मोजा."

"धूर माणूस नाई," काकाजी म्हणाले. "लाव."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी तो मुद्दा लेखात वाचला होता. इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं की जाळी फार बारीक असली तर काजळीनं बुजते आणि धूर घरात उलटतो. तो परिच्छेद मी काकाजींना वाचून दाखवलाच नव्हता. त्या दिवशी उशीर झाला होता, आणि मला वाटलं की आगीबद्दल मी त्यांना काय सांगायचं. आत्ताही तेच वाटलं. मी पायऱ्या चढून वर गेले.

भाऊ रविवारी काकूंना न्यायला येणार होता. म्हणून उद्घाटन शुक्रवारी ठरलं. काकूंची बॅग भरून हॉलमध्ये दाराशी ठेवलेली होती, दरवर्षीपेक्षा मोठी. काकाजींनी सकाळपासून तयारी चालवली होती. लाल रंगाच्या दोन बादल्या वाळूनं भरलेल्या. आग विझवायचा सिलिंडर, पिन तपासलेली. ओली पोती. आणि फायरप्लेसपुढं तीन खुर्च्या एका ओळीत, तोंडं भिंतीकडं. मधली काकूंची. तिच्यावर त्यांनी उशी ठेवली होती.

दिवेलागणीला आम्ही बसलो. काकाजींनी नवा कोरा लायटर कागदातून सोडवला, कठड्यापाशी गुडघे टेकले आणि तुराट्या पेटवल्या. मी त्यांना स्वतः आग लावताना पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा हात स्थिर होता. ज्वाळ उठली, भिंत केशरी झाली, धूर शहाण्यासारखा वर गेला. काकाजींनी मागं वळून काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काकू आगीकडे बघत होत्या.

मग धूर थांबला. वर जाता जाता त्याला काहीतरी आठवल्यासारखा तो वळला आणि खाली यायला लागला, आधी हळू, मग एकदम. हॉलमधला दिवा पिवळा झाला.

"बाहेर," काकाजी म्हणाले. ओरडले नाहीत. "तू समोरून, मॅडम मागच्या दारानं. धावायचं नाई."

आम्ही अंगणात पोचेपर्यंत आतून वाळू पडल्याचा आवाज आला, मग सिलिंडरचा फसफसाट. सगळं मिळून मिनिटभर असेल. काकाजी शेवटी बाहेर आले. पांढऱ्या पावडरीनं माखलेले होते, भुवयासुद्धा पांढऱ्या. ते ताठ उभे राहिले आणि समोर कुणी साहेब असल्यासारखे म्हणाले, "आग आटोक्यात आहे."

मग पायरीवर बसले. दारातून आत दिसत होतं. सोफा, टीव्ही, तीन खुर्च्या, उशी आणि काकूंची बॅग, सगळ्यांवर पांढरा थर बसला होता.

"जाळी बारीक झाली," ते म्हणाले.

"लिहिलेलं होतं, काकाजी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "लेखात होतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही."

"काऊन?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "हिनं सांगतलं नाई," त्या म्हणाल्या, "मिस्त्रीचं तुमी आयकलं नाई, आन् मले तं कोणी इचारलंच नाई. नागपूर झालं, मोबाईल झाला, साऱ्या दुनियेले इचारलं."

काकाजींनी बाहीवरची पावडर झटकली.

"इचारलं असतं तं सांगतलं असतं. भिंतीत आग काऊन? भिंतीकडं तोंड करून कोण बसते? मास्तरानं उभं केलेलं पोट्टं? आगीच्या भवताल बसते माणूस. समोरच्याचं तोंड दिसाले पाह्यजे. ऊब तं गोधडीत बी भेटते."

काकाजींनी मान वर केली. "मंग तू सांग," ते म्हणाले. "कुठं पाह्यजे?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा प्रश्न कधी विचारला असेल असं मला वाटत नाही, कारण काकू जरा गडबडल्या. मग त्यांनी अंगणभर नजर फिरवली. मिस्त्रीचं एक लोखंडी घमेलं भिंतीपाशी राहून गेलं होतं. ते त्यांनी उचललं, अंगणाच्या बरोबर मधोमध तीन विटा मांडल्या आणि त्यांवर ठेवलं. काकाजी उठले, बोट ओलं करून वारा बघितला, शेजारच्या गच्चीकडे बघितलं. फक्त वाळूची एक बादली आणून घमेल्याशेजारी ठेवली.

"बादली राहू द्या," काकू म्हणाल्या. "बादलीनं काय बिघडते."

उरलेल्या तुराट्या मी आणल्या. काकूंनी त्या मोडून घमेल्यात रचल्या. काकाजींनी खिशातला नवा लायटर पुढं केला.

"हा नाई," काकू म्हणाल्या. "माही माचीस द्या."

त्या आत गेल्या, पावडरीनं भरलेली बॅग उघडली आणि तिच्यातून एक कापडी बटवा घेऊन आल्या. बटव्यातून त्यांनी पितळी बिल्ला काढला. माझ्यासारखाच, फक्त झिजलेला. त्याच्यावर एक हा आकडा होता.

"लगन होऊन पह्यल्या दिवशी क्वार्टरात आली," त्या मला म्हणाल्या, जणू काकाजी तिथं नव्हतेच, "मायनं चूल पेटवाले माचीस देल्ली होती. ह्याह्यनं दारातच मागितली आन् हे हातात देल्लं. मले वाटलं, डेपोत बायकोले असा दागिना देते." मग त्यांच्याकडे वळल्या. "हे घ्या तुमचं टोकन. माहं सामान द्या."

काकाजींनी टोकन घेतलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. ते आत गेले आणि एक नंबरच्या कप्प्यातून काडेपेटी घेऊन आले. तिच्यावरचं चित्र पुसून गेलं होतं, कोपरे मऊ झाले होते. क्वार्टर सोडलं, हे घर बांधलं, पेटी दोनदा रंगवली, तरी ती तिच्या जागी राहिली होती. काकूंनी पहिली काडी ओढली. गुल भुगा होऊन पडला. दुसरी. तिसरी. चौथ्या काडीला काकू थांबल्या. काकाजी खाली बघत होते. मला वाटलं, आता त्या बॅगेकडे जातील.

"मॅडम," काकाजी म्हणाले. "तुमचं टोकन आणा."

मी जिना धावत चढले. कपाटात आईच्या पत्रांखाली टोकन ठेवलेलं होतं. खाली आले तर काकाजी पेटीपाशी उभे होते. घाई होती, तरी त्यांनी टोकन हातात घेऊन आकडा वाचला, कप्प्याशी ताडून बघितला आणि मगच माझी काडेपेटी माझ्या हातात दिली. मी ती काकूंना दिली. पहिल्याच काडीला पेटली.

तुराट्या लवकर धरतात. ज्वाळ उंच गेली तेव्हा काकाजी एक पाऊल मागं सरले, मग परत पुढं आले. काकूंनी निखाऱ्यात दोन वांगी ठेवली. समोरचे आजोबा उजेड बघून फाटकापर्यंत आले आणि तिथून विचारलं, "काय हो, काय पेटलं?"

"या, बसा," काकू म्हणाल्या.

आजोबांनी सवयीनं खिशातून काडेपेटी काढून काकाजींपुढं धरली. काकाजींनी ती बघितली. "राहू द्या आजच्या दिवस," ते म्हणाले. ते अजून उभेच होते, एक हात बादलीच्या कडीवर.

"बसा नं आता," काकू म्हणाल्या.

त्यांनी चहूकडे बघितलं. अंगणाला सगळीकडूनच रस्ता होता. मग ते बसले, काकूंच्या समोर, पावडरीच्या भुवया तशाच.

रविवारी भाऊ आला, घमेल्यापाशी बसून भरीत-भाकर खाल्ली आणि एकटाच परत गेला. खोली मोडू नको, आम्ही दोघं येतो, असं काकूंनी त्याला सांगितलं होतं. आणि संक्रांतीला ते दोघं खरोखरच गेले, वाळूची बादली घेऊन. फायरप्लेसमध्ये काकूंनी कांदे-बटाटे ठेवायला सुरुवात केली. हवा खेळती राहते आणि वर जाळी असल्यामुळे उंदीर येत नाही. काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे आवर्जून दाखवत.

टोकनं चालू राहिली. शनिवारी सकाळीच माझी काडेपेटी परत जमा झाली आणि सात नंबर माझ्या हातात आला. काकूंनी मात्र नवी काडेपेटी विकत आणली आणि ती कमरेला खोचली. काकाजींनी एकदा मागून बघितली. पुन्हा मागितली नाही.

पुढच्या वर्षी नाशिकच्या शाळेत मला जागा मिळाली. सामान रिक्षात चढवून झाल्यावर काकाजी खोली बघायला वर आले, उंबऱ्यावर थांबले, हवा घेतली. मग हात पुढं केला. "टोकन?"

"हरवलं," मी म्हटलं.

मला खोटं बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "टोकन नाई तर सामान नाई."

"चालेल, काकाजी."

खालून काकूंचा आवाज आला. "राहू द्या तिचं. माहं चाळीस वर्सं राह्यलं नं."

आता वरच्या खोलीत पोस्टातली एक मुलगी राहते. काकू फोनवर सांगत होत्या, तिला आठ नंबर दिला आहे. सात नंबरचा कप्पा भरलेला आहे म्हणून.